जमिनीखालची सुकी

रावेर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्यापासून दोन-तीन कोसांवर आमचा मळा आहे आणि त्याच्या पूर्वेच्या बांधापलीकडे सुकी नदीचे पात्र आहे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भावंडे त्या पात्रात गोटे वेचायला जात असू. काळपट, तांबूस, मधूनच गारगोटीचे पांढरे, मुठीएवढ्यांपासून कलिंगडाएवढे, सगळे घासून गुळगुळीत झालेले. आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा थेंब नसे. एकदा मी आजोबांना विचारले की या नदीचे पाणी आटून जाते तरी कुठे. आजोबा बांधावरच्या शेवरीच्या फांद्या कोयत्याने छाटत होते. मान वर न करता ते म्हणाले, "नदी आटली नाही वं माय, खाले गेली."

ते मला तेव्हा लहान मुलीची समजूत काढण्यासारखे वाटले होते. पुढे जळगावात भूगोल शिकवू लागल्यावर मला कळले की आजोबांनी अक्षरशः खरे तेच सांगितले होते. सातपुडा जिथे संपतो आणि तापीचे मैदान जिथे सुरू होते, तिथे डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी हजारो वर्षे दगड, गोटे, भरड वाळू आणि माती आणून टाकलेली आहे. भूगर्भशास्त्रात या पट्ट्याला बझाडा म्हणतात. चोपडा, यावल आणि रावेर या तालुक्यांत डोंगराच्या पायथ्याला लागून तो पसरलेला आहे. डोंगरात खळाळत येणारी नदी या गोट्यांच्या थरावर आली की तिचा वेग कमी होतो आणि पाणी फटींतून खाली झिरपते. तिथून ते जमिनीखालच्या उताराने दक्षिणेला, तापीच्या दिशेने सरकत राहते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर वसलेला असल्यामुळे तिथे पावसाचे पाणी वरच्यावर धावून जाते. आमच्याकडे मात्र निसर्गाने पायथ्याशीच एक अवाढव्य रांजण पुरून ठेवला होता. सुकीला सुकी हे नाव याच कारणाने पडले असावे, असा माझा समज आहे. वरून कोरडी दिसणारी ही नदी खालून वाहत होती.

या रांजणावर केळी उभी राहिली. वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर नेणाऱ्या प्रदेशात बारमाही पाणी मागणारे पीक कसे फोफावले, याचे उत्तर जमिनीखाली होते. आजोबांच्या तरुणपणी आमच्या विहिरीला पस्तीस-चाळीस हातांवर पाणी होते आणि मोटेच्या दोन बैलजोड्यांवर जेवढे भिजेल तेवढीच केळी लावली जाई. त्या बैलांचा दम ही त्या काळी पाणीउपशाची मर्यादा होती. मग ऑइल इंजिन आले, वीज आली, १९७२च्या दुष्काळानंतर जमिनीत छिद्र पाडणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. वडिलांच्या काळात विहिरीच्या तळाशी आडवे बोअर घेतले गेले, नंतर उभे, आणि माझ्या थोरल्या भावाने आठ वर्षांपूर्वी घेतलेला बोअर ६०० फुटांवर गेला. जुन्या विहिरीत आता पिंपळाची रोपटी उगवली आहेत.

ठिबक सिंचन आले तेव्हा आम्हा सर्वांना वाटले होते की आता सुटलो. पाटाने दिलेल्या पाण्यातले निम्मे तरी पाणी वाया जाई, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि ठिबकच्या नळीतून झाडाच्या बुडाशी थेंबथेंब पडणारे पाणी पाहून वडील कसे हरखून गेले होते, हेही मला आठवते. पण एका झाडामागे वाचलेले पाणी आम्ही जमिनीत राहू दिले नाही. त्याच पाण्यावर आणखी दोन एकर केळी लावली. पाच बाय पाच फुटांवर लागवड केली की एकरात सुमारे १,७४० झाडे बसतात. शेजाऱ्यांनीही तेच केले, पलीकडच्या गावानेही तेच केले. पावसाळ्याच्या तोंडावर लावलेली मृगबाग, पावसाळा सरता लावलेली कांदेबाग, मग कापलेल्या झाडाच्या पिलावर घेतलेले दुसरे पीक म्हणजे खोडवा, असे करत जमीन वर्षभर कधी मोकळीच राहिली नाही. पूर्वी जिथे ज्वारी-कापूस घेऊन जमीन उन्हाळाभर तापू देत, तिथे आता बारा महिने हिरवे आहे. या हिरव्याने आम्हाला पक्की घरे दिली आणि माझे कॉलेजचे शिक्षणही याच घडांच्या पैशांतून झाले; त्यामुळे केळीला दूषण देण्याचा अधिकार मला नाही, आणि ते द्यावे असेही वाटत नाही. मला फक्त हे लिहून ठेवायचे आहे की आमच्या समृद्धीचा हिशेब वरच्या जमिनीत मांडला गेला, आणि त्याची वजाबाकी मात्र खाली, कोणाला न दिसणाऱ्या नदीत होत राहिली.

माणूस वसला आणि रान हटले, एवढ्या सरळ वाक्यात खानदेशचा इतिहास बसत नाही, हे मला उशिरा समजले. १८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हाची वर्णने वाचली की प्रथम असे वाटते की हा सारा मुलूख अनादी काळापासूनचे जंगल होता, गावाच्या वेशीपर्यंत झाडी आणि झाडीत वाघ. प्रत्यक्षात त्या झाडीचा बराच भाग तरुण होता. अठराव्या शतकाच्या अखेरच्या धामधुमीत, १८०३-०४च्या दुष्काळात आणि पेंढाऱ्यांच्या लुटालुटीत गावेच्या गावे उठून गेली होती. बंधारे फुटले होते, पाट बुजले होते आणि पडीक वावरांत रान माजले होते. कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा पहिला इंग्रज अधिकारी धुळ्याला आला तेव्हा त्याच्यासमोर वाघांचा उपद्रव हा राज्यकारभाराचा प्रश्न होता. पुढे १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारणारा जेम्स आउट्रम वाघांच्या शिकारीसाठी इतका प्रसिद्ध झाला की कन्नडच्या घाटाला आजही त्याचेच नाव आहे. माणसे परत आणून वसवणे, जमीन नांगराखाली आणणे आणि वाघ मारणे ही त्या सरकारच्या लेखी एकाच कामाची तीन अंगे होती.

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि खानदेशच्या काळ्या जमिनीला एकाएकी सोन्याचा भाव आला. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली. रुळांखालच्या स्लीपरांना लाकूड हवे होते, पडीक रानाच्या जागी कापूस हवा होता. १८७८च्या वन कायद्यापर्यंत मैदानातले बरेचसे रान गेले होते; जे राखीव झाले ते मुख्यतः डोंगरातले. त्यामुळे आज आपण "जंगल म्हणजे सातपुडा" असे समजतो, पण तापीच्या दोन्ही काठांवर सपाट जमिनीतही साग आणि अंजनाचे रान होते, हे आपण विसरून गेलो आहोत.

सपाटीवरचे रान गेल्याची सर्वांत बोलकी खूण एका लहानशा घुबडात आहे. रानपिंगळा हा जेमतेम वीतभर उंचीचा, दिवसा उघडपणे फांदीवर बसणारा पक्षी. १८७३ मध्ये पक्षिशास्त्रज्ञ ह्यूमने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. जेम्स डेव्हिडसन हा त्या काळी खानदेशात अधिकारी होता. त्याने १८८०च्या दशकाच्या आरंभी तळोदा-शहादा भागात त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी कोणालाच सापडला नाही. मधल्या काळात रिचर्ड माइनर्ट्झहागन या प्रतिष्ठित पक्षिसंग्राहकाने १९१४ साली गुजरातेत तो मिळवल्याचा नमुना दाखवला होता, आणि नमुन्याला लावलेल्या ठिकाणाच्या चिठ्ठीवर विश्वासून शोधणारे भलत्याच ठिकाणी गेले. तो नमुना डेव्हिडसनचाच होता, चोरून, पुन्हा शिवून, वेगळी चिठ्ठी लावलेला. हे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी शोधून काढले, आणि खरी ठिकाणे हाती आल्यावर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, ११३ वर्षांनी, त्यांना आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांना हा पक्षी शहाद्याजवळच्या सातपुड्याच्या उतारावर दिसला. डेव्हिडसनला तो मिळाला ते सपाटीवरचे दाट रान मात्र शेतांखाली गेलेले होते. पुढे तोरणमाळ, यावल आणि मेळघाट इथेही तो आढळला, म्हणजे तो नाहीसा झाला नव्हता, डोंगराकडे सरकला होता.

तळोद्याचे नाव आले की माझ्या मनात आणखी एक गोष्ट येते. नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या पाण्याने अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील आदिवासींची गावे बुडाली, तेव्हा त्यांना जमीन देण्यासाठी १९९०च्या दशकात तळोद्याच्या राखीव वनातली सुमारे ४,२०० हेक्टर जमीन मोकळी करण्यात आली. एका नदीवरच्या धरणासाठी एका खोऱ्यातली माणसे उठवली गेली आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या खोऱ्यातले जंगल तोडले गेले. त्या वसाहतीतल्या एका वृद्ध बाईंशी मी एकदा बोलले होते. मोह, चारोळी, मासे, डोंगरातला चारा, जे काही विकत घ्यावे लागत नव्हते ते सगळे मागे राहिले, असे त्या सांगत होत्या. जंगल तोडून मिळालेल्या जमिनीवर बसून त्या जंगलाच्याच आठवणी काढत होत्या. वनजमिनीवरच्या अतिक्रमणाविषयी मैदानातली माणसे तावातावाने बोलतात तेव्हा मला त्या बाई आठवतात. डोंगराच्या कडेला नांगर लावणारा पावरा किंवा भिल्ल माणूस तिथे का आहे, याचे अर्धे उत्तर मैदानातल्या कापसात, केळीत आणि धरणांत आहे.

आता वाघाविषयी. मुक्ताईनगर तालुक्यात, पूर्णा नदीच्या काठी, डोलारखेडा परिसरात वाघ केळीच्या बागांत राहतात. नुसते ये-जा करीत नाहीत. वाघिणींनी तिथे बछडी वाढवलेली आहेत. माझा एक मामेभाऊ त्या भागात शेती करतो. त्याच्या बागेत मी दोन वर्षांपूर्वी गेले होते. बाहेर वैशाखाचा भट्टीसारखा वारा होता आणि चार ओळी आत शिरताच अंगावर गारवा आला. डोक्यावर पानांचे छत, पायाखाली ठिबकने ओली झालेली माती, वाळलेल्या पानांचा खच, आणि दोन्ही बाजूंना कुठवर आहे ते कळू नये अशी सावली. मामेभावाने ओलीत उमटलेले एक पाऊल दाखवले. माझ्या पसरलेल्या तळव्याएवढे होते. तो म्हणाला, "ताई, त्याच्या दृष्टीने हे जंगलच आहे. आपणच याला बाग म्हणतो."

खरोखर, वाघाला जे लागते ते सगळे तिथे आहे. आडोसा आहे, पाणी आहे, आणि केळीचे कंद उकरायला येणारी रानडुकरे आहेत. सरकारने या भागात मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केलेले आहे. पूर्वेला अंबाबरवा आणि मेळघाट, पश्चिमेला यावल अभयारण्य, आणि त्यांच्यामधला हा तुकड्यातुकड्यांचा जोडमार्ग. यावलचे अभयारण्य १९६९ सालचे आहे, सुमारे १७५ चौरस किलोमीटरचे. एवढ्याशा जागेत वाघ टिकायचा तर त्याला दुसऱ्या जंगलाकडे जाण्याची वाट हवीच. ती वाट आता शेतांतून जाते.

पण केळीचे रान हे जंगल नव्हे, आणि यातला धोका वाघाला कळण्याजोगा नाही. लागवडीपासून साधारण वर्षभरात घड तयार होतो. खोडवा ठेवला तर बाग आणखी काही महिने उभी राहते, आणि मग एके दिवशी भाव चांगला मिळाला की ट्रक येतात, घड वाहणारे मजूर येतात, आणि दहा एकरांचे छत आठवड्यात भुईसपाट होते. वाघिणीची पिले तेव्हा केवढी आहेत, हे बाजार विचारीत नाही. कुठे रानडुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेच्या तारा असतात. त्या डुकरात आणि वाघात भेद करीत नाहीत, पाणी द्यायला अंधारात आलेल्या शेतकऱ्यातही करीत नाहीत. वीज रात्रीची येते, म्हणून माणूस रात्री बागेत असतो. वाघही रात्रीचाच फिरतो. मामेभावाकडे कामाला येणाऱ्या बाया आता एकट्या आत शिरत नाहीत, थाळी वाजवत, मोठ्याने बोलत जातात. त्यांच्या पोटात रोज उठणारा गोळा आणि वाघ वाचला पाहिजे ही माझी इच्छा, यांपैकी कोणतेही एक मी खोटे मानू शकत नाही. वाघ वाचवण्याची किंमत रोज ज्या बाया मोजतात त्यांना निदान दिवसा वीज द्या, एवढे तरी मी ठामपणे म्हणेन.

वर डोंगरात काय झाले, त्याचा परिणाम खाली मळ्यात कसा उतरतो, हे पाहायचे तर पावसाळ्यात सातपुड्यातल्या पाल गावाच्या बाजूला जावे. साग, सालई, धावडा आणि अंजन यांच्या मुळांनी धरलेल्या उतारावरून येणारे पाणी उशिराने, संथ आणि बरेचसे नितळ येते. झाडे गेलेल्या उतारावरून तेच पाणी तासाभरात लाल होऊन कोसळते. बझाड्याच्या गोट्यांमध्ये पाणी मुरायला वेळ लागतो. लोंढा थांबत नाही, आणि त्याने आणलेला बारीक गाळ ज्या फटींतून पाणी झिरपायचे त्या फटीच बुजवतो. म्हणजे वरचे झाड तुटले की रांजणाचे तोंड अरुंद होते, आणि खाली बोअर वाढले की त्याला तळाशी आणखी भोके पडतात. उरलेला गाळ हतनूरला जातो. तापी-पूर्णेच्या संगमाखाली बांधलेल्या त्या धरणाला ४१ दरवाजे आहेत, आणि पूर्णा विशेषतः इतका गाळ आणते की धरणाच्या पोटातली पाण्याची जागा मातीने भरत चालली आहे. हिवाळ्यात तिथल्या उथळ पाण्यात पट्टकदंब आणि चक्रवाक उतरतात तेव्हा मी मुलांना घेऊन जाते. पाहुणे पक्षी पाहून मुले हरखतात, आणि ज्या उथळपणामुळे ते काठाशी चरू शकतात त्यातला काही सातपुड्याची धुपलेली माती आहे हे त्यांना सांगताना माझा आवाज दर वेळी जरा अडखळतो.

गिरणेची कथा निराळी आहे आणि ती सांगायला वेगळा लेख लागेल. तिथे पाणी धरून ठेवण्याचे काम वाळू करीत होती. उन्हाळ्यात पात्रात हातभर झिरा खोदला की पाणी लागे. डंपरांनी ती वाळू उचलून नेली, तिची घरे झाली, आणि खाली उघडी चिकणमाती व खडक राहिला. त्यात झिरा लागत नाही.

यावर उपाय म्हणून गेली कित्येक वर्षे तापीच्या महाकाय पुनर्भरणाची चर्चा चालू आहे, आणि २०२५च्या मे महिन्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी त्याविषयी करारही केला. पावसाळ्यात समुद्राकडे जाणारे तापीचे पुराचे पाणी वळवून कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी आणायचे आणि बझाड्यात मुरवायचे, अशी ती कल्पना आहे. ती भूगोलाला धरून आहे, आणि ती व्हावी असे मला मनापासून वाटते. भीती एवढीच वाटते की ठिबकच्या वेळी आम्ही जे केले तेच पुन्हा करू. रांजणात पाणी पडू लागले की उपसण्यावरचा उरलासुरला संकोचही जाईल.

म्हणून मला पांझरेचे फड आठवतात. साक्री-धुळ्याकडे पांझरेवर आणि नाशिक जिल्ह्यातल्या कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) भागात मोसम-आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून फड पद्धत होती. नदीवर ठेंगणा दगडी बंधारा, त्यातून काढलेला पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. या वर्षी उसाला पाणी तर पुढच्या वर्षी त्याच फडात दुसरे काही. कोणत्या फडाला पाणी द्यायचे हे गाव मिळून ठरवी, आणि पाऊस कमी झाला तर कोणता फड कोरडा ठेवायचा हेही गावच ठरवी. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या. बंधारे ठेंगणे असल्यामुळे एका गावावरून ओसंडलेले पाणी पुढच्या गावाला जाई. तिथे सगळे गोड चालत असे, असे मी म्हणणार नाही. पाण्याचा हक्क जमीनवाल्यांचाच होता, भूमिहीनांचा नव्हता. तरीही माझे पाणी कुठे संपते आणि दुसऱ्याचे कुठे सुरू होते, हे त्या लोकांना डोळ्यांनी दिसत होते. वर धरणे बांधली गेली, विहिरींना मोटारी बसल्या, आणि बहुतेक फड मोडले. आमच्या बझाड्याला तर असा दिसणारा पाट कधी नव्हताच. जमिनीखालच्या नदीवर कोणी पाटकरी नेमला नाही.

गेल्या ज्येष्ठात मी मळ्यात गेले तेव्हा दादा जुन्या विहिरीपाशी खपत होता. त्याने नाल्यापासून विहिरीपर्यंत चर खोदला होता, मध्ये एक खड्डा करून त्यात थर लावले होते, खाली सुकीतले मोठे गोटे, वर बारीक गोटे, त्यावर भरड वाळू, म्हणजे गाळ तिथेच अडावा आणि नितळ पाणी विहिरीत उतरावे. पिंपळाची रोपटी काढून टाकली होती. शेवटच्या थरासाठी आम्ही दोघांनी पाट्या भरून वाळू ओतली. मी विचारले, "यातलं पाणी आपल्या बोअरला येईल ना?"

"नाही," दादा म्हणाला. "ते खालच्या मळ्यांना जाईल, तापीकडं. आपल्याला वरचे लोक सोडतील ते येईल."

"आणि वरच्यांनी सोडलं नाही तर?"

त्याने पाटी उचलून खांद्यावर घेतली आणि तो आणखी गोटे आणायला नदीकडे निघाला. मी मागोमाग गेले.